संमेलनात आरपीजीचं टेबल: तीन तास, सहा अनोळखी माणसं, तयारी कशी करायची?

खंदकवाला:
नमस्कार मंडळी. जानेवारीत आपल्या संभाजीनगरात दोन दिवसांचं खेळ-संमेलन आहे. बोर्डगेम, पत्ते, मिनिएचर रंगवणं, सगळं आहे. आयोजकांनी मला टेबलटॉप आरपीजीसाठी (रोल-प्लेइंग गेम: टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या मदतीनं मिळून गोष्ट रंगवायची) दोन स्लॉट दिलेत. प्रत्येक स्लॉट तीन तासांचा, टेबलावर जास्तीत जास्त सहा जण. नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेकांनी वीस बाजूंचा फासा कधी हातातही घेतलेला नाही. मला हे टेबल मनापासून चांगलं चालवायचंय, कारण मराठवाड्यात हा खेळ माहीत असणारी माणसं अजून मोजकीच आहेत आणि तिथे बसलेल्यांतूनच उद्याचे ग्रुप तयार होणार.

घरच्या ग्रुपला गोष्ट पुढच्या रविवारी पुढे नेता येते. संमेलनात ती सोय नाही. तीन तासांत सुरू झालेली गोष्ट तिथेच संपली पाहिजे, याबाबत मी ठाम आहे. नवा माणूस अर्ध्या गोष्टीवरून उठला तर त्याला खेळ कळलाच नाही असं समजा. म्हणून मी शेवट आधी लिहिला आणि मग मागे मागे आलो.

वेळेचा हिशोब असा. एकूण १८० मिनिटं. त्यातली २५ बसणं, ओळखी आणि पात्र निवडण्यात जातात. १० मिनिटं चहा-पाण्याची. शेवटी १० मिनिटं गप्पांची, ती मी कापणार नाही, कारण ‘हा खेळ परत कुठे खेळायला मिळेल?’ हा प्रश्न तेव्हाच येतो. उरली १३५. यात तीन प्रसंग बसतात, चौथा बसत नाही.

गोष्ट आपल्या मातीतलीच घेतलीय. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० मध्ये खडकी वसवलं, तेच आताचं आपलं शहर. शहराला पाणी मिळावं म्हणून त्यानं जमिनीखालून नहर आणली. डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं शहरातल्या हौदांपर्यंत यायचं. माझ्या गोष्टीत एके दिवशी हौदात पाणी येईनासं होतं. मोगल फौज चालून येतेय अशी खबर आहे, आणि वेढा पडायच्या आत पाणी सुरू व्हायला हवंय. खेळाडूंना नहरीत उतरायचंय. आरपीजीला लागणारं भुयार आपल्या पायाखालीच आहे, ते परदेशातून कशाला आणायचं?

पहिला प्रसंग कोरड्या हौदापाशी, दुसरा नहरीच्या आत, तिसरा उगमाजवळ, जिथे त्यांना एक अवघड निर्णय घ्यावा लागेल. तुम्ही संमेलनात टेबल चालवलं असेल तर काय काय तयार ठेवता ते सविस्तर लिहा.

लातूरची_जीएम:
कल्पना फार आवडली. माझा भर कायम एकाच गोष्टीवर असतो: पात्रं आधीच तयार करून न्या. संमेलनात पात्र बनवायला बसलात की पाऊण तास गेलाच, आणि त्या पाऊण तासात नवा माणूस नुसता आकडे भरत असतो.

तुमच्या गोष्टीसाठी सहा पात्रं मला लगेच सुचली. खापराचे नळ घडवणारी कुंभारीण. पाथरवट. अंबरच्या पदरी असलेला हबशी शिलेदार. मराठा बारगीर. पखाल वाहणाऱ्या भिश्त्याची मुलगी, जिला शहरातला प्रत्येक हौद पाठ आहे. आणि वैदू. यातल्या प्रत्येकाला नहरीशी काही ना काही काम आहे, त्यामुळे ‘मी तिथे का जाऊ?’ हा प्रश्नच येत नाही.

शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, एका पानाची, एकाच बाजूला छापलेली, अक्षर मोठं. वर नाव आणि एका ओळीत स्वभाव. मधे तीनच गोष्टी ज्या हे पात्र चांगल्या करतं. खाली दोन वाक्यं, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: टेबलावरच्या दुसऱ्या एका पात्राशी असलेलं नातं. उदा. कुंभारणीच्या शीटवर: ‘पाथरवटानं गेल्या साली तुमच्या नळांना दोष दिला होता. दोष नळांचा नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे.’ आणि पाथरवटाच्या शीटवर: ‘तेव्हा चूक तुमच्या बांधकामाची होती. हे कुणाला सांगितलेलं नाही.’ बस्स. दोन अनोळखी माणसं पहिल्या दहा मिनिटांत एकमेकांशी बोलायला लागतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

सहा पात्रं न्या, पण चारच आले तरी गोष्ट चालली पाहिजे. म्हणजे कुठलाही धागा एकाच पात्राच्या हातात ठेवू नका. पाणी कुठे अडलंय हे फक्त पाथरवटालाच कळणार असेल आणि पाथरवट कुणी घेतलाच नाही, तर गोष्ट तिथेच बसली. प्रत्येक महत्त्वाच्या माहितीपर्यंत जायच्या निदान तीन वाटा लिहून ठेवा. खेळाडू एक वाट बघतच नाहीत, दुसरीचा उलटा अर्थ लावतात, तिसरीवरून पोचतात.

बारव:
नहरीबद्दल थोडं. ती सलग बोगदा नाही. काही ठिकाणी दगडी बांधकामाचा मार्ग, काही ठिकाणी खापराचे नळ, आणि अधूनमधून वर उघडणारी मॅनहोलसारखी तोंडं. पाण्याचा दाब आणि अडकलेली हवा सांभाळायला उभे मनोरे, म्हणजे बंबे. हे सगळं खेळाच्या फार कामाचं आहे. पाणी कुठे अडलंय हे शोधायची युक्ती खेळाडूंना स्वतः सुचू द्या. माझ्या डोक्यात एक आहे: वरच्या तोंडातून पाण्यात हळद कालवायची आणि खालच्या प्रत्येक तोंडाशी एकेक जण बसवायचा. पिवळं पाणी जिथवर दिसतं तिथवर मार्ग मोकळा. फासा न टाकता सुटणारं कोडं आहे हे.

एक विनंती मात्र आहे. टेबलावर सुरुवातीलाच सांगा की खरी नहर बघायची असेल तर बाहेरून बघा, पाणचक्कीवर जा. कुणी पोरं उत्साहात तोंडातून आत उतरायला नकोत. बंद जागेत हवा खराब असते, जीव जातो.

नवखा_बीड:
मी फक्त वेबसिरीज बघून या खेळाकडे आलोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. नियम कुठले वापरणार? डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध आरपीजीचं नियमांचं पुस्तक बघितलं, ते तर कॉलेजच्या टेक्स्टबुकाएवढं जाड आहे. सहा नव्या माणसांना हे तीन तासांत कसं समजावणार?

खंदकवाला:
प्रश्न अगदी बरोबर आहे. नियम समजावायला मी दहा मिनिटांवर एक मिनिटही देणार नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा १९७४ मध्ये आला, तेव्हापासून नियम वाढत गेले. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भग्रंथ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालाय. म्हणजे श्रेय देऊन त्यातले नियम मराठीत मांडून, छापून वाटले तरी चालतं. हे आपल्यासारख्यांसाठी मोठंच काम झालंय. पण सगळं घ्यायची गरज नाही. मी गाभा तेवढा ठेवतो: वीस बाजूंचा फासा टाका, शीटवरचा आकडा (ते काम पात्राला किती जमतं तो) मिळवा, ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं तर जमलं.

ठरलेला आकडा किती ठेवायचा, इथे जरा गणित करून जा. शीटवर ५ असतील आणि लक्ष्य १० असेल तर १०० पैकी ८० वेळा जमतं. लक्ष्य १५ केलं की ५५ वेळा. २० केलं की फक्त ३० वेळा. म्हणजे ‘थोडं अवघड’ म्हणून १५ सांगाल तेव्हा जवळजवळ निम्म्या वेळा माणूस फसणार आहे. नव्या माणसाचा पहिला फासा तर १० वरच ठेवा. आणि खेळाडूनं काही छान डोकं लढवलं तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायला सांगा. १५ च्या लक्ष्याला ५५ ची शक्यता त्यानं ८० च्या जवळ जाते, आणि दोन फासे हातात घेताना माणूस खूश होतो ते वेगळंच.

लातूरची_जीएम:
मी वीसचा फासा सोडून सहाचे दोन फासे वापरते. दोन फाशांची बेरीज ६ किंवा कमी आली तर बिघडलं, ७ ते ९ आली तर जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, १० किंवा जास्त आली तर निखळ यश. ३६ शक्यतांपैकी १५ वेळा बिघडतं, १५ वेळा मधलं येतं, ६ वेळा निखळ. शीटवरचा आकडा मिळवला की पारडं खेळाडूकडे झुकतं. ते मधलं उत्तर गोष्टीला सगळ्यात जास्त पुढे नेतं. ‘दगड हलला, पण तुझा कंदील पाण्यात पडला.’ शिवाय असे फासे प्रत्येकाच्या घरात आहेत. संमेलनातून घरी गेलेलं पोरगं त्याच रात्री बहिणीबरोबर खेळू शकतं.

तुम्हाला वीसच्या फाशाची मजा द्यायची असेल तर जरूर द्या, तो हातात घेतल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय येतं ते मीही बघितलंय. पण लढाई एकच ठेवा. सहा खेळाडू, प्रत्येकाला दोन मिनिटं, वर शत्रूंची पाळी, म्हणजे एका फेरीला पंधरा मिनिटं. तीन फेऱ्या झाल्या की पाऊण तास. तुमच्या १३५ मिनिटांतला एक तृतीयांश! शत्रू मरेपर्यंत लढाई चालवू नका. तिला हेतू द्या: ‘दार बंद होईपर्यंत टिका’, ‘दोरी वर ओढेपर्यंत अडवा’. हेतू साधला, लढाई संपली.

डी२०_नांदेड:
मी टेबलाच्या सामानाचं सांगतो, कारण त्याच्यावर कुणी बोलत नाही आणि ऐन टायमाला तेच नडतं.

हॉलमध्ये लई आवाज असतो. शेजारच्या टेबलावर पोरं ओरडू लागली की आपलं बोलणं पार मरतं. आयोजकांना आजच फोन करून कोपऱ्यातलं टेबल मागा. तुम्ही खेळाडूंच्या घोळक्याकडे तोंड करून बसा आणि खेळाडूंच्या नजरेसमोर भिंत येईल असं बघा, म्हणजे त्यांचं लक्ष हॉलमध्ये भरकटत नाही. गोल बसवा, लांब टेबल असलं तर दोन्ही टोकं रिकामी ठेवा. टोकावरच्या माणसाला काही ऐकू येत नाही, मग तो मोबाईल काढतो.

फाशांसाठी स्टीलचं ताट न्या, पण त्यात जाड रुमाल अंथरा. नुसत्या ताटात सहा जणांचे फासे वाजू लागले तर डोकं उठतं. जाड कागद दुमडून नावाच्या पाट्या करा, पात्राचं नाव दोन्ही बाजूंनी मोठ्या मार्करनं लिहा. खेळाडूंना एकमेकांची खरी नावं माहीत नसतात, ‘ओ, तुम्ही, चष्मेवाले’ असं चालू होतं. पाटी असली की ‘कुंभारीणबाई, इकडं या’ असं हाक मारतात आणि तिथंच खेळ जमतो. पेन्सिली सहाच्या जागी दहा न्या, सगळ्या परत येत नाहीत. पाण्याची बाटली, खिशात खडीसाखर. दोन स्लॉट बोलल्यावर घसा बसतो. शीटच्या जादा कॉपी झेरॉक्स करून ठेवा, कुणाचा ना कुणाचा चहा सांडतोच.

आणि मोबाईलवर टायमर नको, साधं घड्याळ टेबलावर ठेवा. तुम्ही सारखं मोबाईलमध्ये बघू लागलात तर समोरचेपण काढतात.

पैठणरोड:
जरा वेगळं मत मांडतो. इतिहास चांगला आहे, पण जे येणार आहेत ते ड्रॅगन आणि जादूगार बघायला येणार आहेत. त्यांना १६१० मध्ये नेलं तर ते शाळेत बसल्यासारखे गप्प बसतील. ‘हे त्या काळात होतं का?’ असं प्रत्येक वाक्याला घाबरून विचारतील. आणि एखादा इतिहासप्रेमी काका टेबलावर आला तर तीन तास दुरुस्त्याच चालतील. साधी काल्पनिक दुनिया घ्या, जिथे कुणीच चुकू शकत नाही.

दुसरं म्हणजे मोगल, निजामशाही, मराठे ही नावं टेबलावर आली की कोण काय बोलेल सांगता येत नाही. अनोळखी लोक आहेत.

लातूरची_जीएम:
पैठणरोड, दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर आधी. शत्रू म्हणून कुठलाही समाज उभा करायचा नाही, हे मी माझ्या टेबलावर सुरुवातीलाच सांगते. त्या काळातही रेघ तशी नव्हती. अंबर स्वतः हबशी, त्याच्या बाजूनं मराठे सरदार लढले, आणि सिंदखेडचे लखुजी जाधवराव पुढे मोगलांकडे गेले. कोण कुणाकडे हे धर्मावर ठरत नव्हतं. खेळात हे बोलण्यातून आणायची गरज नाही, पात्रांच्या यादीतूनच दिसतं.

शिवाय एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी मांडलेली पद्धत आहे: टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेलं एक कार्ड. कुणालाही काही नको वाटलं तर कार्डाला हात लावायचा, तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. आपल्याकडे मोठ्यांसमोर ‘मला हे नको’ म्हणणं अवघड जातं, खास करून मुलींना आणि लहान मुलांना. कार्डाला हात लावणं त्या मानानं सोपं. समजावायला एक मिनिट लागतं. सुरुवातीला जीएमनं (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यानं) स्वतः एकदा हात लावून दाखवावा.

इतिहासाच्या भीतीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. माणूस ओळखीच्या जागेत जास्त मोकळा होतो. टॅव्हर्न (या खेळांतली नेहमीची परदेशी खानावळ) म्हटलं की नव्या माणसाला काही दिसत नाही. हौदाच्या काठावर रिकाम्या घागरींची रांग म्हटलं की लातूरच्या माणसाला तरी पुढचं सांगावं लागत नाही. २०१६ मध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पाण्याच्या रांगेत कोण कसं वागतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

खंदकवाला:
दोन्ही बाजू पटल्या. असं करतो: सनावळी टेबलावर आणायचीच नाही. ‘खडकी नावाचं नवं शहर आहे, पाणी बंद झालंय’ एवढंच सांगायचं. काका आलेच तर त्यांना पहिल्याच प्रसंगात विचारायचं, ‘काका, इथे चौकात आणखी काय दिसतंय?’ ज्याला माहिती द्यायची हौस आहे त्याला गोष्टीत वर्णनाचं काम दिलं की तोच टेबलाचा आधार होतो.

आणि पैठणरोड, अद्भुत काहीतरी हवं हे खरंय. नहरीत पाण्यातल्या आसरा आणायचा विचार आहे. उगमापाशी शेंदूर लावलेले सात दगड होते, नहर खोदताना त्यातला एक बांधकामात गेला, म्हणून पाणी रुसलं.

बारव:
साती आसरांना राक्षस करू नका एवढंच सांगणं. आमच्याकडे विहिरीवर, नदीकाठी त्यांना अजून नैवेद्य असतो. त्यांना मारून पाणी सुरू होतंय असा शेवट झाला तर माझी आजी टेबलावरून उठून जाईल.

खंदकवाला:
मारायचा पर्यायच नाही. लढाई नहरीतल्या घुसखोरांशी, जे मोगल फौजेसाठी वाट शोधत आलेत. आसरा फक्त मागणं मागतात. सातवा दगड नहरीच्या भिंतीत आहे, नेमका भार पेलणाऱ्या जागी. तो काढून परत ठेवला तर पाणी येतं, पण तेवढा भाग ढासळतो आणि शहराला निम्मंच पाणी मिळतं. नाही काढला तर आसरा दुसरं काहीतरी मागतात, आणि ते खेळाडूंनी स्वतःच्या पात्रातून द्यायचं: वैदूची विद्या, बारगिराचा घोडा, पाथरवटानं लपवलेली ती गोष्ट सगळ्यांसमोर कबूल करणं. हा निर्णय मी ठरवणार नाही. तो टेबलावरच व्हायचा.

खंदकवाला:
काल घरीच चाचणी घेतली. आत्या, दोन चुलत भावंडं आणि शेजारचे एक निवृत्त शिक्षक, कुणीच आधी खेळलेलं नव्हतं. हौदाचा प्रसंग ३० मिनिटांचा धरला होता, तो ५० गेला, कारण आत्यानं भिश्त्याची मुलगी घेतली आणि रांगेतल्या प्रत्येक बाईशी बोलली. पण त्यात इतकं छान काही होत होतं की मी थांबवलं नाही. मधल्या प्रसंगातल्या दोन खोल्या गाळल्या, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. त्यामुळे आता मधल्या प्रसंगाच्या प्रत्येक भागापुढे ‘गाळता येईल’ किंवा ‘हवाच’ असं पेन्सिलीनं लिहिलंय. ‘हवाच’ फक्त दोन आहेत.

बारवची हळदीची युक्ती गुरुजींना आपणहून सुचली. त्याहून पुढे, आत्या म्हणाली, ‘मी तोंडापाशी कान लावते, पाण्याचा आवाज कुठून येतो बघते.’ फासा टाकला, १८ आले. तिनं फासा परत ठेवलाच नाही, रात्रभर मुठीत होता.

नवखा_बीड:
हे वाचून अंगावर काटा आला. मी बीडहून येतोय, दुसऱ्या दिवशीच्या स्लॉटला नाव घातलंय. एकच शंका. उशिरा आलेल्यांचं काय करता? आणि नाव घालून आलेच नाहीत तर?

लातूरची_जीएम:
उशिरा येणाऱ्यासाठी एक शीट बाजूला ठेवायची, आणि गोष्टीत त्याचं यायचं ठिकाण आधीच ठरवायचं. या गोष्टीत सोपं आहे, नहरीच्या पुढच्या तोंडातून कुणीही दोर सोडून उतरू शकतं. पण पहिला तास उलटल्यावर नवं माणूस घेऊ नका. बसलेल्यांचा वेळ त्याला समजावण्यात जातो. त्याला शेजारी खुर्ची द्या, बघू द्या.

दोघंच आले तरी टेबल रद्द करू नका. दोघांना दोन-दोन पात्रं देऊ नका, त्यानं नवा माणूस गोंधळतो. उरलेल्या पात्रांतलं एक तुम्ही सोबती म्हणून चालवा, पण निर्णय त्यानं कधीच घ्यायचा नाही. आठ आले तर मात्र दोघांना स्पष्ट नाही म्हणा आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पहिली जागा द्या. सहाच्या वर गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला काही उरत नाही.

पैठणरोड:
खंदकवाला, दुसऱ्या दिवशी मी मोकळा आहे. जादा लोक आले तर शेजारच्या टेबलावर हीच गोष्ट मी चालवतो. शीट आणि तुमच्या नोंदी पाठवा, शनिवारपर्यंत वाचून ठेवतो. माझ्या टेबलावर घुसखोरांबरोबर एक जादूगार असेल, तेवढं चालवून घ्या.

खंदकवाला:
चालेल, जादूगार ठेवा. शीट आज रात्री पाठवतो. आयोजकांना दोन टेबलं कोपऱ्यात लागतील असं कळवलंय, त्यांनी हो म्हटलंय. नांदेडकर, तुमच्याकडे फाशांचे जादा संच असतील तर दुसऱ्या टेबलासाठी आणाल का?

डी२०_नांदेड:
आणतो. दोन ताटंपण आणतो, रुमालासकट.